फुफ्फुसातलं व्हायरल इन्फेक्शन: एक्सरे, सीटी की सोनोग्राफी? कधी काय करायचं आणि दोन रिपोर्टची तुलना कशी करायची

माझं काम एक्सरे आणि सीटीच्या मशीनवर. मी डॉक्टर नाही, फोटो काढणारी आहे, निदान करायचं काम रेडिओलॉजिस्टचं आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. पण इतकी वर्षं काचेच्या अलीकडे बसून बघतेय, पेशंट टेबलवरून उतरायच्या आधी नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम स्कोअर किती आला?" म्हणजे सीटीत फुफ्फुसाचा किती भाग गुंतलाय त्याचे मार्क. ऑक्सिजन किती आहे, आज आजाराचा कितवा दिवस आहे, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. कोविडनं लावलेली ही सवय अजून गेलेली नाही, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकू.

सगळ्यात आधी एक घोळ मिटवू. व्हायरस आहे का आणि कुठला आहे हे स्वॅबच्या टेस्टनं कळतं, फोटोनं नाही. फोटोत फक्त फुफ्फुसाला काय झालंय ते दिसतं. इन्फ्लुएन्झा, कोविड, आरएसव्ही, अॅडिनोव्हायरस यांची चित्रं एकमेकांत इतकी मिसळतात की नुसत्या सीटीवरून छातीठोकपणे नाव सांगणं अवघडच. थोडेफार अंदाज बांधता येतात हे खरं, म्हणजे कोविडमध्ये डाग बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, खालच्या भागात आणि कडेकडेनं असतात, अॅडिनोव्हायरस कधीकधी अख्खा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा एक मोठा हिस्सा, भरून टाकतो आणि बॅक्टेरियाच्या न्यूमोनियासारखा दिसतो, कांजिण्यांच्या न्यूमोनियात १ ते १० मिलिमीटरच्या गाठी सगळीकडे विखुरलेल्या असतात आणि बरं झाल्यावर त्यातल्या काहींमध्ये कॅल्शियम साठून त्या जन्मभर तशाच राहू शकतात. पण हे अंदाजच.

मग फोटो काढायचा कशासाठी? तर कारण असेल तेव्हाच. ऑक्सिजन उतरतोय, धाप लागतेय, बरा होत आलेला माणूस परत बिघडला, नाहीतर डॉक्टरांना शंका आहे की हे व्हायरसचं नसून दुसरंच काही आहे, म्हणजे बॅक्टेरिया, छातीत पाणी, हार्ट फेल्युअर, रक्ताची गुठळी. साधा ताप खोकला, ऑक्सिजन चांगला, वय किंवा जुना आजार असं धोक्याचं काही नाही, तर फोटोची गरज नसते. फ्लाइशनर सोसायटी नावाची छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांची संस्था आहे, त्यांनी एप्रिल २०२० मध्येच कोविडबद्दल हे स्पष्ट सांगितलं होतं. ऐकलं किती जणांनी ते आम्ही मशीनवर बसून बघितलंच.

दिवस मोजा, तोही लक्षणांपासून

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तो दिवस धरायचा नाही, पहिला ताप किंवा पहिला खोकला आला तो दिवस पहिला. कोविडच्या सुरुवातीच्या अभ्यासात असं दिसलं की लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत सीटी काढलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचा सीटी नॉर्मल होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी घाईनं सीटी काढायचा, नॉर्मल आला की जीव भांड्यात पडतो, आणि मग आठव्या दिवशी धाप लागली तरी "आमचा सीटी नॉर्मल होता की" म्हणून घरी बसायचं. असे पेशंट मी पाहिलेत. फुफ्फुसातले डाग साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असतात आणि दोन आठवड्यांनंतर विरायला लागतात, हा कोविडचा हिशोब, बाकी व्हायरसचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. पण फोटो हा त्या दिवसाचा असतो, उद्याची गॅरंटी नसतो, हे सगळ्यांनाच लागू.

म्हणून फॉर्मवर "न्यूमोनिया?" एवढंच लिहून आणू नका. "लक्षणांचा ९ वा दिवस, ऑक्सिजन ९१, पाचव्या दिवशी एक्सरे झालाय, कालपासून ताप परत चढला" असं लिहून आणलंत तर रिपोर्ट वाचणाऱ्याला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

एक्सरे

स्वस्त, पटकन होणारा, बेडपाशी नेता येणारा. रेडिएशन अगदी कमी, समोरून काढलेल्या एका एक्सरेला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. जगात कुठेही राहिलं तरी माती, हवा, आकाश यातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच, त्या हिशोबात हा दोन-चार दिवसांचा डोस झाला.

कमतरता अशी की एक्सरे म्हणजे अख्ख्या छातीची एकावर एक पडलेली सावली. हृदयामागचं, डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) खाली लपलेलं, बरगडीवर पडलेलं, सगळं एका कागदावर चेपलेलं. सुरुवातीचे फिकट धुरकट डाग त्यात सहज निसटतात. तेव्हा एक्सरे नॉर्मल म्हणजे फुफ्फुस नॉर्मल असं नाही, एक्सरेला दिसेल इतकं काही नाही एवढाच त्याचा अर्थ.

हातात फिल्म आली की आधी डाग शोधत बसू नका, ती कशी काढलीय ते बघा. उभं राहून, छाती प्लेटला टेकवून, मागून किरण सोडून काढलेला तो पीए. आयसीयूत झोपलेल्या माणसाच्या पाठीखाली प्लेट सरकवून समोरून काढलेला तो एपी. एपीमध्ये हृदय प्लेटपासून लांब पडतं म्हणून मोठं दिसतं, वर झोपलेल्या माणसाचा श्वास पूर्ण भरत नाही त्यामुळे फुफ्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो. सोमवारचा उभ्यानं काढलेला पीए आणि बुधवारचा बेडवरचा एपी शेजारी ठेवून "वाढलंय हो" म्हणून घाबरलेल्या मंडळींना मी कितीदा समजावलंय त्याचा हिशोब नाही. श्वास पूर्ण घेतला होता का हे बघायची सोपी खूण, मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या डायफ्रामच्या वर मोजता आल्या पाहिजेत, सात-आठच येत असतील तर खालचा धुरकटपणा फारसा मनावर घेऊ नका.

आयसीयूतल्या पेशंटवर लक्ष ठेवायला मात्र एक्सरेसारखं दुसरं काही नाही. नळी जागेवर आहे का, फुफ्फुस फुटून हवा साठलीय का, पांढरेपणा वाढतोय का, सगळं पाच मिनिटांत आणि पेशंटला हलवायची गरज नाही. इटलीतल्या ब्रेशाच्या डॉक्टरांनी कोविडच्या वेळी ब्रिक्सिया स्कोअर काढला, फुफ्फुसांचे सहा भाग करायचे आणि प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण १८. रोजचा चढउतार बघायला तो बरा पडतो.

लहान बाळांचं जरा वेगळं. आरएसव्हीमुळे होणाऱ्या ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनळ्यांच्या सुजेत, एक्सरे सरसकट काढू नका असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २०१४ मध्ये सांगितलंय. कारण बारीक श्वासनळ्या चिकट स्रावानं बुजतात, तेवढा फुफ्फुसाचा तुकडा मिटतो, एक्सरेत तो न्यूमोनियासारखा दिसतो आणि मग गरज नसलेलं अँटिबायोटिक सुरू होतं.

सीटी, ज्याच्यावर सगळ्यांचा जीव

इथे फुफ्फुसाचे मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे काप दिसतात, पावाच्या स्लाइस असतात ना तसे, त्यामुळे एकावर एक सावल्या पडण्याचा प्रश्नच नाही. एक्सरेत निसटलेलं बरंच काही इथे सापडतं. रिपोर्टमधले दोन शब्द नीट समजून घेतलेत तर निम्मं काम झालं.

पहिला ग्राउंड ग्लास. बाथरूमच्या खिडकीला असते तसल्या घासलेल्या काचेमागून बघितल्यासारखा फिकट राखाडी डाग. तो ओळखायची खूण म्हणजे त्या राखाडीतूनही रक्तवाहिन्या दिसत राहतात, धुक्यात विजेच्या तारा दिसतात तशा. दुसरा कन्सॉलिडेशन. इथे हवेच्या पिशव्या पूर्ण भरल्यात म्हणून डाग पांढराफटक, रक्तवाहिन्या त्यात बुडून गेलेल्या, आणि हवा असलेल्या श्वासनळ्याच तेवढ्या पांढऱ्यावर काळ्या फांद्यांसारख्या उठून दिसतात. त्याला एअर ब्राँकोग्राम म्हणतात. ग्राउंड ग्लासवर बारीक रेषांची जाळी आली की क्रेझी पेव्हिंग, वेड्यावाकड्या फरशा बसवल्यासारखं. नाव ऐकून लोक दचकतात पण ते नुसतं वर्णन आहे.

आता ग्राउंड ग्लास दिसला म्हणजे व्हायरस, असं अजिबात नाही. फुफ्फुसात पाणी साठलं, रक्त उतरलं, औषधाची रिअॅक्शन आली, तरी तसंच दिसतं. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे पेशंटनं श्वास नीट भरला नाही. हे मी रोज बघते. माइकवरून सांगायचं "श्वास घ्या, धरून ठेवा", टेबल सरकायला लागतं आणि नेमका त्याच वेळी खोकला. फुफ्फुस अर्धवट रिकामं झालं की सगळं राखाडी दिसतं, पाठीकडचा भाग तर जास्तच. अशा वेळी स्कॅन परत घेतात किंवा पालथं झोपवून घेतात, पाठीकडचा धुरकटपणा पालथं झोपल्यावर गेला तर तो वजनानं दबलेला भाग होता, राहिला तर खरा आजार. म्हणून सीटीला येण्याआधी दहा-बारा सेकंद श्वास धरायची घरी थोडी प्रॅक्टिस करा, आणि जमतच नसेल तर आधीच सांगा, आम्ही त्या हिशोबानं मशीन लावतो.

साध्या सीटीत, म्हणजे ज्याला सगळे एचआरसीटी म्हणतात त्यात, फुफ्फुसातल्या रक्तवाहिनीतली गुठळी दिसत नाही. हे लोकांना माहीतच नसतं. डाग थोडेच आहेत पण ऑक्सिजन अचानक धाडकन खाली आला, असा मेळ बसत नसेल तर डॉक्टर सीटी पल्मनरी अँजिओग्राफी सांगतात. त्यात हाताच्या शिरेतून आयोडिनचा डाय सोडतात, अंगातून गरम लाट गेल्यासारखं होतं, लघवी झाली की काय असं वाटतं, ते दोन मिनिटांत जातं, घाबरायचं नाही. क्रिएटिनीनचा (किडनीचं काम बघायच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि आधी कधी डायची अॅलर्जी आली असेल तर ती मात्र आधी सांगा.

डोसचं म्हणाल तर छातीच्या नेहमीच्या सीटीला साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोन-तीन वर्षांत मिळतं तेवढं एका झटक्यात. लो डोस प्रोटोकॉल लावला तर १ ते १.५ च्या आसपास येतो, आणि फुफ्फुस हवेनं भरलेलं असल्यामुळे या कमी डोसमध्येही डाग बऱ्यापैकी दिसतात, तेव्हा परत परत स्कॅन लागणार असेल तर लो डोसबद्दल विचारायला लाजू नका. एका सीटीनं कोणाचं आभाळ कोसळत नाही, पण दर चार दिवसांनी "बघू कमी झालंय का" म्हणून सीटी काढणं हा शुद्ध वेडेपणा.

तो स्कोअर

आता येऊ मुद्द्यावर. २५ पैकी जो स्कोअर देतात तो कसा काढतात बघा. उजव्या फुफ्फुसाचे तीन लोब, डाव्याचे दोन, एकूण पाच. प्रत्येक लोब किती टक्के गुंतलाय ते डोळ्यांनी अंदाजानं बघायचं. काहीच नाही तर ०, पाच टक्क्यांच्या आत १, पाच ते पंचवीस २, पन्नासच्या आत ३, पन्नास ते पंचाहत्तर ४, त्याच्यावर ५. मग बेरीज.

यातल्या खाचा आता तुम्हालाही दिसतील. २६ टक्केवाल्या लोबलाही ३ आणि ४९ टक्केवाल्यालाही ३. उजवीकडचा मधला लोब एवढासा, खालचा चांगला मोठा, पण मार्क दोघांना सारखेच. शिवाय हा नजरेचा अंदाज, दोन रेडिओलॉजिस्टमध्ये एक-दोन मार्कांचा फरक सहज पडतो. त्यामुळे १३ चा १४ झाला म्हणून रडणं आणि १४ चा १३ झाला म्हणून पेढे वाटणं, दोन्ही सारखंच. त्यात ४० पैकी स्कोअर देणारी पद्धतही आहे, म्हणजे एका सेंटरचे १८ आणि दुसऱ्या सेंटरचे १८ हे एक नव्हेच, छेद आधी बघा.

अजून एक, कोरॅड्स. डच रेडिओलॉजिस्टनी २०२० मध्ये बनवलेली ही पद्धत. कोरॅड्स ५ म्हणजे आजार फार गंभीर असा अर्थ नाही! चित्र कोविडशी किती जुळतंय याची ती पातळी, १ म्हणजे जवळजवळ नाही, ५ म्हणजे खूपच जुळतंय. कोरॅड्स ५ आणि स्कोअर ४, असा पेशंट आरामात जेवत बसलेला असू शकतो. या एका आकड्यावरून सुतावरून स्वर्ग गाठणारे, घरात रडारड करणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत.

फुफ्फुसाची सोनोग्राफी

ही कमी लोकांना माहीत, आणि मला विचाराल तर हिला हवा तेवढा मान मिळत नाही. रेडिएशन नाही, मशीन बेडपाशी येतं, गरोदर बाई असो की लहान मूल, दिवसातून दोनदा केली तरी चालते. गंमत म्हणजे सोनोग्राफीचा आवाज हवेतून जात नाही, म्हणजे निरोगी फुफ्फुस तिला दिसतच नाही. दिसते ती बरगड्यांच्या मधून फुफ्फुसाच्या आवरणाची चमकती पांढरी रेघ, श्वासाबरोबर सरकणारी, आणि तिच्याखाली सारख्या अंतरावर तिचेच आडवे प्रतिध्वनी, त्यांना ए लाइन म्हणतात. फुफ्फुसात ओल आली की त्या आडव्या रेघा पुसल्या जातात आणि आवरणापासून स्क्रीनच्या तळापर्यंत टॉर्चच्या झोतासारखे उभे पट्टे येतात, त्या बी लाइन. दोन बरगड्यांच्या मध्ये तीन किंवा जास्त दिसल्या तर गडबड. वाढत गेल्या तर एकमेकीत मिसळून पांढरा पडदाच होतो, आणि त्याच्याही पुढे गेलं तर फुफ्फुसाचा तुकडा लिव्हरसारखा घट्ट दिसायला लागतो. छातीचे बारा भाग करून प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण ३६, असं रोज मोजता येतं.

पण बी लाइन हार्ट फेल्युअरमध्येही येतात. तिथे बहुतेक करून दोन्ही बाजूंना सारख्या आणि आवरणाची रेघ गुळगुळीत, व्हायरल न्यूमोनियात रेघ खडबडीत, तुटक, आणि डाग मध्येच आहेत मध्येच नाहीत असे. आवरणापर्यंत न पोचलेला, आत खोल बसलेला डाग सोनोग्राफीला दिसणारच नाही. आणि सगळं करणाऱ्याच्या हातावर. काल एका डॉक्टरनं केली, आज दुसऱ्यानं, तर आकड्यापेक्षा सेव्ह केलेल्या क्लिप शेजारी लावून बघणं बरं.

एमआरआयबद्दल थोडक्यात, फुफ्फुसात पाणी कमी हवा जास्त, वर श्वासाची आणि हृदयाची हालचाल, त्यामुळे नेहमीचा एमआरआय इथे फारसा कामाचा नाही. झेनॉन वायू श्वासातून देऊन काढायचा एक खास एमआरआय आहे, त्यात वायू फुफ्फुसातून रक्तात किती जातोय हेच दिसतं, पण तो मोजक्या ठिकाणीच. पेट सीटी व्हायरल न्यूमोनियासाठी मुद्दाम कोणी करत नाही, दुसऱ्या कारणासाठी केला आणि त्यात दिसला इतकंच.

जुनं-नवं शेजारी ठेवताना

एक्सरेची तुलना एक्सरेशी, सीटीची सीटीशी. "एक्सरेत काही नव्हतं आणि सीटीत आलं, म्हणजे वाढलं" हा हिशोब चुकीचा, कदाचित तेव्हाही होतं. शक्यतो तेच मशीन, तीच पोझिशन. आणि कागदावरचा रिपोर्ट किंवा फिल्म नाही, मूळ इमेजेसची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, फिल्मवर निवडक काप असतात, त्याच जागेचा तोच काप सापडेलच असं नाही.

बरं होताना एक फसवं चित्र दिसतं ते आधीच सांगून ठेवते. घट्ट पांढरे डाग विरताना पातळ होऊन पसरतात, म्हणजे छोट्या पांढऱ्या डागाच्या जागी मोठा फिकट राखाडी डाग. स्कोअर तर किती भाग व्यापलाय ते मोजतो, किती घट्ट आहे ते नाही. त्यामुळे माणूस चालायला लागलाय, ऑक्सिजन काढलाय, आणि स्कोअर मात्र तेवढाच किंवा एखादा जास्त, असं होऊ शकतं. अशा वेळी माणसाकडे बघायचं. उलटं पण होतं, ताप उतरून दोन-तीन दिवस बरे गेले, मग परत ताप, पिवळा कफ, आणि एका जागी नवीन पांढरा डाग किंवा छातीत पाणी, तर इन्फ्लुएन्झानंतर वर चढणारा बॅक्टेरियाचा न्यूमोनिया असू शकतो, इथे फोटो परत काढायला उशीर करू नये.

चित्र माणसाच्या मागून बरं होतं. तरुण माणसाचा एक्सरे स्वच्छ व्हायला सहाएक आठवडे लागू शकतात, वय झालेलं असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे तब्येत सुधारत असताना दर आठवड्याला एक्सरे काढून हाती काही लागत नाही. मोठा न्यूमोनिया झाला असेल तर ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीनं कोविडनंतर १२ आठवड्यांनी एक्सरे सुचवला होता, तो हिशोब सोयीचा आहे. तेव्हा एक्सरे साफ नसेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तरच पुढे सीटी आणि त्याबरोबर फुफ्फुसांच्या क्षमतेची टेस्ट, त्यातही वायू रक्तात किती जातो ते मोजणारा डीएलसीओ, तो कधीकधी चित्राच्या आधी बोलतो.

आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सीटीत "फायब्रोटिक बँड्स" लिहून आलं की इंटरनेटवर फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसावर राहणारे कायमचे व्रण, शोधत बसू नका. इतक्या लवकर दिसणारे पट्टे पुष्कळदा काही महिन्यांत विरतात. खरा फायब्रोसिस म्हणायचा तर श्वासनळ्या ओढल्या जाऊन रुंद झालेल्या, मधाच्या पोळ्यासारखी भोकं, आणि तेही महिन्यामहिन्यांनी बघितलं तरी तिथेच असलेलं. हे ठरवताना रेडिओलॉजिस्टला सगळ्यात उपयोगी पडतो तो आजाराच्या आधीचा एखादा जुना सीटी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेला असला तरी चालेल, अगदी पोटाचा असला तरी त्यात फुफ्फुसाचा खालचा भाग येतो. कपाटात शोधा आणि घेऊन या, पट्टे आधीपासूनच होते का ते त्यावरून कळतं.